परळला येतोयस, तर थोडं ऐक

मेडिकलला प्रवेश मिळाला, मनापासून अभिनंदन! डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी देह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतील, हाताचा वास जेवतानाही जाणार नाही. नाश्ता करूनच जा, उपाशीपोटी चक्कर येते. टेबलावरच्या देहाला मनोमन नमस्कार कर. कुणीतरी तो आपल्याला शिकता यावं म्हणून दिलाय.

मी लातूरकडची, दहावीपर्यंत सगळं मराठीतून. पहिल्या व्हायव्हात, म्हणजे इंग्रजीतल्या तोंडी परीक्षेत, उत्तर येत असूनही तोंडातून शब्द फुटला नाही. मग महिनाभर वर्गात गप्पच राहिले, आणि तिथेच मागे पडले. तू तसं करू नकोस. रोज रात्री एक हाड हातात घेऊन रूममेटला इंग्रजीत समजावून सांग. अडखळलास तरी चालेल. मराठीची लाज मात्र बाळगू नकोस. 'जीव घाबरा होतो' म्हणणाऱ्या आजीला नेमकं काय होतंय, हे वॉर्डात तुलाच आधी कळेल.

हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते.

झोप उडाली, घास उतरेनासा झाला, तर लपवू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो. मलाही कर फोन. ड्युटीवर असले तर सुटल्यावर नक्की करेन.