रातपाळी तुम्हीही केलीच की

प्रश्न : मुलगी यंदा जीएनएम (नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा) झाली, 68 टक्के आहेत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणीही झाली. घराजवळच्या 22 खाटांच्या नर्सिंग होममध्ये 11 हजारांवर बोलावतात, पण नाईट करावी लागेल आणि मूळ सर्टिफिकेटं जमा करा म्हणतात. मी यंत्रमागावर कामाला, पत्नी विड्या वळते. मुलीला स्थळं येऊ लागली आहेत आणि नाईट करणारी मुलगी म्हटलं की लोक नाक मुरडतात. म्हणून तिने घरी बसून सरकारी परीक्षेची तयारी करावी असं आम्ही ठरवलं आहे. ओळखीचे एक गृहस्थ 15 हजारांत दोन वर्षांच्या अनुभवाचं सर्टिफिकेट करून देतो म्हणतात. घ्यावं का?
– एक पालक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : सर्टिफिकेट घेऊ नका. त्यावर जास्त बोलायचीही गरज नाही. पडताळणीत पगाराची नोंद मागितली, बँकेचं पासबुक मागितलं, तर ते गृहस्थ तिथे नसतील, तुमची मुलगी असेल.

मी अडलो ते ‘आम्ही ठरवलं आहे’ या शब्दांपाशी. पत्रात मार्क आहेत, पगार आहे, स्थळं आहेत, सर्टिफिकेटवाले गृहस्थही आहेत. मुलगी काय म्हणते, ते कुठंच नाही. तीन वर्षं ती शिकली, वॉर्डात उभी राहिली, परीक्षा दिली आणि आता घरात बसायचं हे तिच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलं. हे मला सगळ्यांत जास्त खटकलं. (68 टक्के उत्तम आहेत. मार्कांची काळजी सोडा.)

आता नाईटचं. शिकतानाही तिने नाईट केल्याच असतील. तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही, कारण तेव्हा ती ‘शिकत’ होती. तेच काम पगार घेऊन केलं की वाईट? तुम्ही मागावर आहात. आजवर किती रातपाळ्या केल्या, मोजून बघा. पहाटे डोक्यात कापसाची पिंज घेऊन घरी आलात, तेव्हा गल्लीत कुणी काही म्हणालं का? आणि ज्या सरकारी नोकरीसाठी तिला घरी बसवताय, त्या नोकरीतही रात्र असतेच. सिव्हिलचे पेशंट संध्याकाळी घरी जेवायला जात नाहीत हो. नाईट नको म्हणणारं स्थळ सरकारी ऑर्डर आल्यावरही तेच म्हणणार. ते आजच बोलून घ्या.

गेल्या वर्षी माझी आई आजारी होती. रात्री अडीचला सलाईन बंद पडलं, हात सुजला. सिस्टर आली, जेमतेम बावीस-तेवीसची. आईची शीर सापडेना. तिने पट्टा बांधला, आईला मूठ मिटायला लावली, टिचकी मारून पाहिलं, नाही म्हणून सोडलं आणि दुसरा हात घेतला. मनगटाच्या कडेला एकदाच सुई लावली, नळीतली हवा काढली, बाटलीवरचं नाव केस पेपरशी ताडून पाहिलं आणि वेळ लिहिली : 2.40. हे घरी बसून गाईड वाचून येत नाही. तुमच्या मुलीच्या हातात हे नुकतंच आलंय. वर्षभर हात चालला नाही तर जाईल.

तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती नेमक्या जागी लावा. रात्री ड्युटी किती वाजता बदलते, येण्या-जाण्याची सोय काय, वॉर्डात सोबत दुसरं कोण, बदलायची खोली आहे का, हे विचारा. पहिला महिना तुम्ही स्वतः सोडायला जा.

आता एका गैरसमजाबद्दल, कारण त्यात बऱ्याच मुलींची वर्षं जातात. ‘अनुभव तो अनुभव, कुठलाही चालतो’ असं समजलं जातं. तसं नाही. केंद्र सरकारच्या एम्स रुग्णालयांतल्या नर्सभरतीच्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सी नर्सिंगवाल्यांकडे अनुभव मागत नाहीत, जीएनएमवाल्यांकडे मागतात : पास झाल्यानंतरची दोन वर्षं, आणि तीही किमान 50 खाटांच्या रुग्णालयातली. म्हणजे घरी बसली तर ते दार बंदच, आणि त्या 22 खाटांच्या नर्सिंग होममध्ये पाच वर्षं राबली तरी बंदच. वयाची अट सर्वसाधारण गटाला 30 आहे, तेव्हा घड्याळ चालू झालंय असं समजा. राज्याच्या अधिपरिचारिका (म्हणजे स्टाफ नर्स) भरतीला जीएनएम चालतं. जाहिरात आली की फॉर्म भरावा आणि अभ्यास नोकरी करत करावा. पुढे जीएनएमवाल्यांसाठीची दोन वर्षांची नर्सिंगची पदवी, पोस्ट बेसिक बीएस्सीही आहेच.

म्हणून घराजवळची ती जागा सोडा. मूळ कागद मागतात हेच त्यासाठी पुरेसं कारण आहे. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, पिशवी परत आणायची. पगाराचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2016च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली होती, की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयानेही नर्सला महिना 20 हजारांच्या खाली देऊ नये, आणि 200च्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराइतका द्यावा. ही शिफारस आहे, दाखवून भांडता येईल असा कायदा नव्हे. पण पगाराचं बोलताना 11 हजार ऐकून मान डोलवायची नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

सोलापुरात अश्विनी, मार्कंडेय अशी सहकारी रुग्णालयं आहेत, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे. खाटा किती, अनुभवाचं पत्र आणि पगाराची पावती मिळते का, हे आधी विचारून अर्ज करा. चिठ्ठी, ओळख शोधत बसू नका. मेट्रनला, म्हणजे तिथल्या मुख्य सिस्टरला, भेटायला मुलीने एकटीने जावं, तुम्ही बाहेर चहा घ्या. तिथे टक्के नाही, वॉर्डातलं विचारतात. पोटॅशियम क्लोराईड सरळ शिरेत ढकलायचं का, असं कुणी सहज विचारलं आणि मुलगी ठाम ‘कधीच नाही’ म्हणाली, की समोरच्याला बरंचसं कळतं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुमच्या पूर्व भागातल्या बऱ्याच घरांसारखं घरात तेलुगू बोलत असाल, तर तेलुगूत लिहिलं तरी चालेल, मी वाचून घेईन कुणाकडून तरी.