अ‍ॅनाटॉमी पाठ होत नाही आणि छातीची प्रत्येक फिल्म सारखीच दिसते

तू लिहिलं आहेस की दहावीपर्यंत मराठी माध्यम, खानापूरहून रोज ये-जा, रात्री पाठ केलेली नावं सकाळच्या बसमध्येच विसरतात, आणि एक्स-रे विभागातल्या पोस्टिंगला सीनियर फिल्म बघून लगेच बोलतात तिथे तुला काळं-पांढरं सोडून काहीच दिसत नाही. मी बेळगावातच शिकले, एक्स-रे आणि सीटीवर काम करून आता चौदा वर्षं झाली. पहिल्या वर्षी माझीही अगदी हीच गत होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे, तुला अ‍ॅनाटॉमी येत नाही हे खरं नाही. खुबा, नडगी, बरगडी, गुडघ्याची वाटी, खांद्याचा फरा, माकडहाड हे सगळं तुला लहानपणापासून ठाऊक आहे. येत नाहीत ती लॅटिन नावं. आपण उलटं करतो, आधी नाव घोकतो आणि मग ते कुठे बसतं ते शोधत बसतो. तू आधी हाताने जागा शोध. नाव त्या जागेला नंतर चिकटतं आणि मग सुटत नाही.

आत्ताच करून बघ. उजवा अंगठा ताठ करून मागे ओढ. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन दोऱ्या ताणल्या जातात आणि मधे खळगा पडतो. इंग्रजी पुस्तकांतही या खळग्याला तपकिरीच्या डबीचंच नाव आहे, निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यातल्या माणसाला ते वेगळं समजवायला नको. खळग्यात डाव्या हाताचं बोट दाब. तळाला जे टणक लागतं ते स्कॅफॉईड, मनगटातलं एक छोटं हाड. कोणी हात टेकून पडला आणि इथे दाबल्यावर कळवळला, तर डॉक्टर मनगटाचे नेहमीचे दोन व्ह्यू सोडून आणखी व्ह्यू का मागतात? कारण हे हाड तळव्याकडे कललेलं असतं, सरळ पीएमध्ये, म्हणजे किरण मागून पुढे जाणाऱ्या व्ह्यूमध्ये, आखूड दिसतं. मनगट करंगळीकडे झुकवलं की ते लांब उलगडतं. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने येतं आणि उलट्या दिशेने कोपराकडे जातं, म्हणून मधोमध मोडलं तर कोपराकडचा तुकडा उपाशी राहू शकतो. आणि पहिल्या दिवशीची फिल्म अगदी स्वच्छ दिसू शकते, म्हणून प्लास्टर घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा फिल्म काढतात. एवढं कळल्यावर स्कॅफॉईड विसरशील का?

त्याच्या शेजारी ल्युनेट. लॅटरलमध्ये, म्हणजे बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये बघ, वाटीसारखं दिसतं आणि त्या वाटीत कॅपिटेट हे पुढचं हाड बसलेलं असतं. रेडिअस (कोपरापासून मनगटापर्यंतचं अंगठ्याकडचं हाड), ल्युनेट, कॅपिटेट आणि मधल्या बोटाचं मेटाकार्पल (तळहातातलं हाड) जवळजवळ एका रेषेत. वाटी तळव्याकडे कलंडलेली दिसली आणि त्यात काहीच नसलं, की ल्युनेट निखळलं. पीएमध्ये हे सहज सुटतं. मनगटात आठ हाडं, दोन ओळी. एका आठवड्यात दुसरं काही करू नकोस, रोज रात्री फक्त ही आठ कागदावर काढ. न बघता. चुकलं तरी चालेल. पाठांतरापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं.

आता छाती. दुसऱ्याच्या फिल्म बघत बसण्यापेक्षा स्वतः एक्सपोजर देण्याआधी डोळे मिटून फिल्म मनात काढ: हृदय कुठपर्यंत येईल, छाती आणि पोटामधला पडदा कुठे, फरा फुफ्फुसावरून बाजूला झालाय का. मग स्क्रीनवर आलेली ताडून बघ. जिथे फरक पडला तिथेच शिकायचं असतं. पीए का काढतो, तर हृदय पुढे असतं, ते डिटेक्टरजवळ येतं आणि १८० सेंटीमीटर अंतरामुळे फार फुगत नाही. वॉर्डातल्या पेशंटची खाटेवर एपी, म्हणजे किरण पुढून मागे जाणारी फिल्म, काढली की तेच हृदय मोठं दिसतं. रुंदीचा अंदाज घेण्याआधी फिल्म कशी काढली हे विचारायचं ते यासाठी. मग मागच्या बरगड्या मोज. पडद्याच्या वर नऊ-दहा दिसल्या तर श्वास नीट घेतलाय. कमी दिसल्या तर फुफ्फुसाचा तळ पांढरट आणि हृदय पसरट दिसणारच, तो आजार नव्हे.

आणि आपल्याकडे हा श्वास बऱ्याचदा भाषेत अडकतो. अथणीकडून आलेल्या आजोबांना घाईघाईत "श्वास घ्या, धरा" म्हटलं तर ते अर्धाच घेतात आणि मान हलवतात. "उसिरु तगोळ्री, हिडीरी" म्हण, आधी एकदा स्वतः घेऊन दाखव, एकदा त्यांच्याकडून करून घे, मगच बटण दाब. कन्नड मोडकंतोडकं असलं तरी चालतं. फिल्म वाचणं इथूनच सुरू होतं, कारण तूच वाईट काढलेली फिल्म कुणालाच धड वाचता येत नाही.

नॉर्मलमध्ये काय काय असतं ते आधी डोळ्यात बसव. उजवा पडदा डाव्यापेक्षा थोडा वर, डावा हायलम (फुफ्फुसात रक्तवाहिन्या शिरतात ती जागा) उजव्यापेक्षा थोडा वर, जठरातली हवा डाव्या पडद्याखाली. ती उजवीकडे दिसली तर आधी डावी-उजवी बाजू दाखवणारा मार्कर तपास. बहुतेकदा चूक आपलीच असते, क्वचित हृदयच उजवीकडे असतं. शेवटी चार जागा मुद्दाम बघ: गळपट्टीच्या हाडामागचं फुफ्फुसाचं टोक, हृदयाच्या मागे, पडद्याखाली, आणि कडेची हाडं. उभ्या फिल्ममध्ये उजव्या पडद्याखाली काळी कोर, म्हणजे पोटात सुटलेली हवा, दिसली तर फिल्म हातात घेऊन थांबू नकोस, डॉक्टरांना लगेच गाठ.

डॉक्टरांनाच, नातेवाइकांना नाही. हे मी चूक करून शिकले. दुसऱ्या वर्षी साधारण अकरा वर्षांचा मुलगा आला, झाडावरून पडलेला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडापासून सुटलेली पातळ चकती दिसली आणि मी वडिलांसमोर बोलून गेले, "तुकडा पडलाय." ते बिचारे खाली बसले. तो तुकडा नव्हता. त्या वयात बाहेरच्या एपिकॉन्डाइलमध्ये (कोपराच्या कडेच्या उंचवट्यात) हाड नुकतंच तयार होत असतं आणि ते असंच वेगळं दिसतं. सीनियर मॅडमनी मला बाजूला घेऊन, कोपराच्या कुठल्या भागात हाड कितव्या वर्षी दिसू लागतं तो क्रम काढून दाखवला: कॅपिटेलम १, रेडिअसचं डोकं ३, आतलं एपिकॉन्डाइल ५, ट्रोक्लिआ ७, ओलेक्रेनॉन ९, बाहेरचं एपिकॉन्डाइल ११. वर्षं ढोबळ आहेत, मुलींमध्ये थोडं लवकर. पण क्रम मोलाचा. ट्रोक्लिआ दिसतेय आणि आतलं एपिकॉन्डाइल जागेवर नाही, तर ते निखळून सांध्यात शिरलंय का ते शोधायचं, कारण सांध्यातलं ते हाड नेमकं ट्रोक्लिआसारखंच दिसतं. त्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. रिपोर्ट देणं रेडिओलॉजिस्टचं काम. काही दिसलं तर त्यांना सांगणं मात्र आपलंच काम, आणि तिथे विद्यार्थी म्हणून गप्प बसू नये.

एमआरआय म्हणजे मोठं चुंबक, म्हणून तिथे पोस्टिंग लागलं की उद्यमबागेत लेथवर किंवा ग्राइंडरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यात कधी लोखंडाची कीस गेली होती का, हे तू स्वतः विचार. फॉर्मवर "नाही" लिहिलेलं असलं तरी. बरेच जण "गेली होती, पण काढली" म्हणतात, आणि सगळी निघाली का ते त्यांनाही माहीत नसतं. असं उत्तर आलं तर आत सोडायच्या आधी रेडिओलॉजिस्टना विचार, डोळ्यांची फिल्म लागेल.

नावांसाठी एक वही कर. डावीकडे तुझा घरातला शब्द, मधे लॅटिन, उजवीकडे तू स्वतः काढलेलं चित्र. वहीत छापील चित्र चिकटवू नकोस. या आठवड्यात मनगट संपव, पुढच्या आठवड्यात लहान मुलांचा कोपर घे, आणि पोस्टिंगला रोज एका नॉर्मल छातीसमोर पाच मिनिटं उभी राहा. अडलं तर तुझं मनगटाचं चित्र पाठव, कुठे चुकलंय ते बघून सांगते.