मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, आणि पान उलटलं

प्रश्न : मी मनपाच्या शाळेत तिसरीला शिकवते. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पुरावर मुलांसाठी गोष्ट लिहिली आहे. वर्गात वाचली, मुलांना आवडली. ओळखीच्या एका मुलाला पैसे देऊन २२ चित्रं काढून घेतली. ती जोडून प्रकाशकाकडे पाठवू का? कोणाकडे पाठवू? आणि गोष्ट कोणी ढापली तर?
— एक शिक्षिका, पंचवटी

उत्तर : ताई, पत्रासोबत गोष्टही पाठवलीत हे फार बरं केलंत. रविवारी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्याने. घाटावरची फुलवाली आजी, तिची नात आणि नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पूर किती चढलाय हे सगळं नाशिक त्या मारुतीवरूनच सांगतं : गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. पुस्तकाची पानं तुम्हाला इथे आयती मिळाली होती. तुम्ही मात्र अख्खा पूर एका परिच्छेदात चढवलात आणि उतरवूनही टाकलात.

आज एक करा. ए-फोरचे चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडा आणि टाके घाला. १६ पानांची वही होते. चित्रपुस्तकं बहुधा १६, २४, ३२ अशाच पानांची असतात, कारण मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात. पहिलं पान नावाला आणि दुसरं प्रकाशकाच्या माहितीला गेलं, म्हणजे तुमच्या हाती चौदा पानं उरली. त्यांवर पेन्सिलीने गोष्ट वाटून लिहा. पाचव्या पानावर पाणी गुडघ्याला, आजी म्हणते, ‘अजून वेळ आहे.’ मूल पान उलटतं, तर पाणी कमरेला. उजवं पान उलटताना मुलाचा हात घाई करेल तिथे गोष्ट बरोबर बसली असं समजा. नुसत्या टाइप केलेल्या कागदावर हे कळत नाही.

आता कात्री. तुमची सुरुवात आहे, ‘गोदावरी ही नाशिकची जीवनदायिनी असून तिच्या काठी अनेक मंदिरे आहेत.’ हे पाठ्यपुस्तकाचं वाक्य आहे, काढा. तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय, ‘आजीने झेंडूची टोपली उचलली आणि मारुतीकडे बघितलं.’ गोष्ट तिथे सुरू होते. पुढे आजीचं जांभळं लुगडं, हिरवा काठ, मोठं कुंकू यांवर चार ओळी आहेत. त्याही जाऊ देत, ते काम चित्रकाराचं. पण ‘भिजलेल्या झेंडूचा आंबूस वास’ हे तुमचे चार शब्द कोणाचाही ब्रश काढू शकणार नाही, त्यांना हात लावू नका. शेवटचं ‘म्हणून मुलांनो, नदी स्वच्छ ठेवा’ खोडा. गाळ उपसून आजी पुन्हा त्याच पायरीवर बसते, तिथे मुलांचं समाधान होतं. ११०० शब्दांची गोष्ट ४०० वर आली तर मला आनंद होईल.

आणि ‘गंगा’ बदलू नका. नाशिकबाहेरचा संपादक बुचकळ्यात पडू नये म्हणून पत्रात एक ओळ लिहा की आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. गोष्टीतल्या आजीच्या तोंडी गोदावरी शोभणार नाही.

चित्रं जोडू नका. पैसे गेल्याचं वाईट वाटतं, पण चित्रपुस्तकाचा चित्रकार सहसा प्रकाशकच ठरवतो. सोबतची चित्रं त्याला पटली नाहीत की गोष्टही त्यांच्याबरोबर ‘साभार परत’ येते. सत्तावीस वर्षं बालपुस्तकांचं संपादन करताना मी हे पुष्कळदा पाहिलं. एखादी गोष्ट फक्त चित्रातच दिसायला हवी असेल, तर तेवढी सूचना कंसात द्या, उदाहरणार्थ ‘चित्रात : टोपलीत मांजरीचं पिल्लू, आजीला माहीत नाही.’

कोणाकडे पाठवायचं हे ठरवायला सार्वजनिक वाचनालयात जा. १८४० सालची आपली संस्था आहे ती. वीसेक बालपुस्तकं समोर घेऊन बसा आणि कोण काय छापतं ते वहीत उतरवा. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवलीत तरी प्रत्येकाची आवड वेगळी दिसेल. तुमच्या गोष्टीसारखं ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांचं टपाल वाचवा. मासिकंही बघा : ‘किशोर’ १९७१ पासून बालभारती काढते, ‘वयम्’ आणि ‘चिकूपिकू’ आहेत. गोष्ट आधी मासिकात आली तर बिघडत नाही, फक्त पुढे प्रकाशकाला तसं सांगा. प्रत्येकाच्या संकेतस्थळावरचे नियम वाचून मगच पाठवा, आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट वाचता येईल असा, टाइप करा. सोबतचं पत्र अर्ध्या पानाचं पुरे : वयोगट, शब्दसंख्या, गोष्ट शेवटासकट पाच ओळींत. ‘मुलांना फार आवडली’ हे लिहू नका, सगळेच लिहितात. त्याऐवजी कुठल्या वाक्याला वर्ग गप्प झाला ते लिहा.

ढापण्याची धास्ती सोडा. १९५७ च्या कायद्यानुसार लिहिलं त्या क्षणी स्वामित्वहक्क तुमचा, नोंदणीची सक्ती नाही. खरा धोका करारावर सही करताना असतो. माझ्या पहिल्या पुस्तकाला मी एकरकमी मानधन घेतलं आणि छापील कागदावर न वाचता सही केली. त्यात ‘सर्व हक्क, कायमचे’ होतं. पुस्तकाच्या सहा आवृत्त्या निघाल्या, मला नंतर पैसाही मिळाला नाही. चौथी आवृत्ती मी दुकानातून विकत घेतली. हे मला आजही सलतं, म्हणून तळमळीने सांगते : हक्क किती वर्षांसाठी, कुठल्या भाषांसाठी, ऑडिओ आणि डिजिटलचं काय, हे वेगवेगळं लिहून घ्या. करारात मुदतच लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, पण ‘कायमचे’ लिहिलं असेल तर त्याचा आधार मिळत नाही.

प्रश्न : नातवंडांसाठी लिहिलेल्या बालकविता एका प्रकाशनाला दिल्या. त्यांनी ४५ हजार मागितले, शिवाय आयएसबीएनचे (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे) ३ हजार वेगळे. देऊ का?
— एक निवृत्त कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर : काका, देऊ नका. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी यंत्रणेकडून. फुकटच्या गोष्टीचे वेगळे पैसे मागणाऱ्याच्या बाकीच्या हिशोबावर तुम्ही विश्वास का ठेवावा? तुमच्याकडूनच कमाई झाल्यावर पुस्तक विकायची त्याला निकड उरत नाही, आणि गठ्ठे तुमच्या पलंगाखाली येतात. नातवंडांच्या हाती पुस्तक द्यायचं एवढाच हेतू असेल, तर चांगल्या प्रेसकडून दर घ्या आणि ५० प्रती स्वतः छापा. त्यात कमीपणा अजिबात नाही.

प्रश्न : पाठवून दोन महिने झाले, पोचसुद्धा नाही. दुसरीकडे पाठवलं तर चालेल?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : त्यांनी मुदत सांगितलेली नसेल तर तीन महिने थांबा आणि दोन ओळींचा ईमेल करा, फोन नको. एकाच वेळी दोघांकडे पाठवायचं असेल तर दोन्ही पत्रांत तसं स्पष्ट लिहा, आणि एकाचा होकार आला की दुसऱ्याला त्याच दिवशी कळवा.