नावं नंतर, आधी बी पेरू द्या

मुलांना वनस्पतींची ओळख करून द्यायची असेल, तर झाडांची नावं पाठ करून घेण्यापासून सुरुवात करू नका. मीही तीच चूक केली होती. दोन दिवसांत मुलं कंटाळली.

घेवड्याचं बी घ्या. काचेच्या ग्लासात ओला टिश्यू पेपर कडेला लावून बी काच आणि कागदाच्या मध्ये अडकवा, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. कागद ओलसर हवा, बी पाण्यात बुडालेलं नको. बुडालं तर कुजतं. तीन-चार दिवसांत आधी मूळ बाहेर येतं, कोंब मागाहून. मूळ दिसलं की ग्लास आडवा करून ठेवा. दोन दिवसांनी मूळ वळून पुन्हा खाली निघालेलं असतं. "त्याला खालची बाजू कशी कळली?" हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या, उत्तराची घाई नको.

पाणी घालायचं काम मुलांचंच. (जास्त घालतील, एखादं रोप मरेल. मरू द्या.)

मग लाजाळू आणा. पानाच्या देठाशी फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींमधलं पाणी सरकतं आणि पान मिटतं.

एक मात्र सक्तीने सांगा: न विचारता काही तोंडात घालायचं नाही. कण्हेर आणि धोतरा दिसायला सुंदर, पण विषारी असतात.