नाव सांग, सुटशील

प्रश्न : अमेरिकी नाटककार आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' हे नाटक वाचलं आणि भारावलो. मग ते ज्यावर बेतलंय त्या अमेरिकेतल्या सेलमच्या १६९२ मधल्या चेटूक-खटल्यांचा खरा इतिहास वाचला आणि फसवल्यासारखं वाटलं. नाटकातली अबिगेल सतरा वर्षांची, जॉन प्रॉक्टर तिशीतला आणि दोघांचं प्रकरण. प्रत्यक्षात ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची, तो साठीचा. इतकी मोडतोड नाटककाराला माफ असते का?

उत्तर : असते. शिवाय मिलरने हे काही लपूनछपून केलेलं नाही. छापील संहितेच्या आरंभीच त्याची टीप आहे : अबिगेलचं वय वाढवलं, चेटकाचे आरोप करणाऱ्या मुलींची संख्या घटवली, अनेक न्यायाधीशांचं काम हॅथॉर्न आणि डॅनफर्थ या दोघांवर सोपवलं.

मला ते प्रकरण खटकतं, पण ते खोटं आहे म्हणून नाही. त्यामुळे प्रेक्षकाचं फार सोपं होतं. झिडकारलेल्या पोरीने सूड उगवला, म्हणजे खापर तिच्या डोक्यावर आणि आपण मोकळे! १६९२ साली फाशीची शिक्षा काही मुलींनी सुनावली नव्हती. त्या किंचाळल्या, पण किंचाळण्याला पुरावा मानलं ते शिकल्यासवरल्या न्यायाधीशांनी. 'हिची छाया रात्री येऊन माझा गळा दाबते' अशी साक्ष ग्राह्य धरली जायची. आता याला बचाव काय करणार? 'मी त्या रात्री घरी झोपले होते' म्हणावं, तर देह घरी असेल, छाया बाहेर पडली असेल!

रिबेका नर्स ही सत्तरी ओलांडलेली बाई. ज्यूरीने तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. न्यायालयात गलका झाला, न्यायाधीशांनी ज्यूरीला फेरविचाराला पाठवलं आणि ती परतली ती 'दोषी' घेऊनच. हा प्रसंग मिलरने का सोडला, मला कळत नाही. मी असतो तर एक अख्खा प्रवेश त्यावर लिहिला असता.

खऱ्या प्रॉक्टरबद्दलही थोडं सांगतो. तुरुंगातून त्याने जुलै १६९२ मध्ये बॉस्टनच्या धर्मोपदेशकांना पत्र लिहिलं : खटले बॉस्टनला हलवा, नाहीतर न्यायाधीश तरी बदला. त्यात त्याने लिहिलंय, की माझ्या मुलाने कबुली दिली नाही म्हणून त्याची मान आणि टाचा एकत्र बांधून ठेवल्या, नाकातून रक्त येईपर्यंत. १९ ऑगस्टला प्रॉक्टर फासावर गेला. बायको गरोदर होती म्हणून तिची फाशी लांबली आणि ती वाचली. नाटकात तो कबुलीवर सही करतो आणि मग कागद फाडतो. इतिहासातल्या प्रॉक्टरने कबुली दिलीच नव्हती. देऊन मागे घेणारा निराळा होता, अँडोव्हरचा सॅम्युएल वॉर्डवेल. त्यालाही २२ सप्टेंबरला लटकवलं.

कबुलीला चिकटून राहिलेल्यांपैकी मात्र एकालाही फाशी झाली नाही. सगळ्या नाटकाची चावी इथे आहे. 'होय, मी सैतानाशी करार केला, आणि माझ्यासोबत अमकी होती, तमका होता' म्हणा, जीव वाचेल. 'मी काही केलं नाही' म्हणा, मराल. अशा ठिकाणी आरोपींची यादी आपोआप फुगत जाते, कारण प्रत्येक सुटका चार नवी नावं मागे ठेवते.

प्रश्न : त्या चेटकिणींना जिवंत जाळलं होतं ना?

उत्तर : सेलममध्ये एकालाही जाळलं नाही. तिथे इंग्रजी कायदा होता, शिक्षा फाशीची. एकोणीस जण फासावर गेले, त्यांत पाच पुरुष. काही माणसं तुरुंगातच मेली. जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने आरोपावर 'दोषी' किंवा 'निर्दोष' काहीच म्हणायला नकार दिला, म्हणून तोंड उघडावं यासाठी अंगावर दगडांचं ओझं चढवत नेलं. त्यातच तो गेला.

प्रश्न : मिलरने सेलमच्या आडून आपल्या काळातल्या कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेवर लिहिलं म्हणतात. पण चेटकिणी नव्हत्याच, अमेरिकेत कम्युनिस्ट तर खरोखर होते. मग हे रूपक लंगडं नाही का? आणि त्या मोहिमेचा चेहरा असलेला मॅकार्थी कोण हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला त्यातलं काय कळणार? आमचा गट या नाटकाचा प्रयोग करायचा विचार करतोय.

उत्तर : हा आक्षेप नाटकाइतकाच जुना आहे. २२ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हापासूनचा. कम्युनिस्ट होते हे मान्यच. पण मिलर बोट ठेवतो ते चौकशीच्या रीतीवर. साक्षीदाराकडून वदवून घ्यायची ती नावं कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीला बहुधा आधीच ठाऊक असायची. मग चारचौघांत वदवून कशाला घ्यायची? कारण माहिती त्यांना नकोच होती, हवा होता शरणागतीचा सोहळा. दिग्दर्शक एलिया कझानने एप्रिल १९५२ मध्ये जुन्या सहकाऱ्यांची नावं दिली. तो मिलरचा जवळचा मित्र. सेलमची दप्तरं चाळायला निघालेला मिलर वाटेत त्याला भेटला होता.

एक गैरसमज दूर करतो : मॅकार्थी सिनेटर होता. कझानला आणि पुढे मिलरला बोलावलं ते संसदेच्या दुसऱ्या सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या समितीने. मिलरची पाळी १९५६ च्या जूनमध्ये आली. स्वतःबद्दल तो बोलला, कम्युनिस्ट लेखकांच्या बैठकीला आणखी कोण होतं हे सांगेना. १९५७ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या अवमानाबद्दल तो दोषी ठरला, १९५८ मध्ये अपिलात सुटला. आता तिसरा अंक काढा. कोरी न्यायालयात सांगतो, पटनम या जमीनदाराविरुद्ध मला एका भल्या माणसाने माहिती दिली, पण त्याचं नाव सांगणार नाही. डॅनफर्थ त्याला अटक करतो, कलम कोणतं? न्यायालयाचा अवमान! मिलरने हे स्वतःवर वेळ येण्याच्या तीन वर्षं आधी लिहून ठेवलं होतं.

तेव्हा मॅकार्थीची चिंता सोडा. पात्रांना १९५० चे सूट चढवू नका, मागे पडद्यावर जुन्या बातम्यांची कात्रणं फिरवू नका. असले प्रयोग मी पाहिलेत. प्रेक्षक 'अच्छा, हे त्यांचं होय' म्हणत खुर्चीत सैलावतो आणि नाटकाच्या तावडीतून सुटतो.

मेहनत डॅनफर्थवर घ्या. नवखे नट त्याला डोळे वटारून, टेबल आपटून खलनायक करतात आणि तिसरा अंक तिथेच मरतो. तो खुनशी नाही. कायद्याचा जाणकार आहे, आणि आपण नियमाने चाललो आहोत याची त्याला पक्की खात्री आहे. खरा थॉमस डॅनफर्थ तर फाशी सुनावणाऱ्या त्या न्यायासनावर बसलाही नव्हता, अध्यक्ष होता विल्यम स्टॉटन. म्हणजे नटावर ऐतिहासिक माणसाचं ओझं नाही. त्याला सांगा, आवाज चढवण्याच्या जागा आधी सगळ्या काढून टाक. प्रॉक्टरची मोलकरीण मेरी वॉरन हिला प्रश्न विचारताना त्याने थकलेल्या, समजूतदार वडीलधाऱ्यासारखं बोलावं. 'नाव सांग, सुटशील' हा सूर त्याच्या तोंडी मायेचा वाटला, तर तालीम बरोबर चालली आहे. चौथा अंक त्यानंतर बसवायला घ्या.