नदी नको निवडूस, पाणी निवड

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कनूच्या, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीच्या, सहलीचा तक्ता मिळाला. रात्री साडेबाराला पाठवलेला, सात नद्या, सहा रकाने आणि खाली एक ओळ : 'मावशी, डोकं चालत नाहीये, तुम्हीच सांगा कुठली.' ती ओळ वाचून मला तुझी आई आठवली. कॉलेजात असताना साडी घ्यायची तरी ती अशीच रडकुंडीला यायची. त्यामुळे आज बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

फ्रेंच, स्पॅनिश, मिसिसागी, मॅग्नेटावन, पेटावावा, मॅडावास्का, मिसिनायबी. कॅनडातल्या आपल्या ऑन्टारिओतल्या नद्यांची नावं चांगली काढलीस. अंतर, गाडीनं लागणारे तास, रॅपिडची, म्हणजे खळाळत्या उताराची, ग्रेड (अवघडपणाचा आकडा), तंबूच्या जागा, पोर्टेज (कनू उचलून चालायचे टप्पे) किती, फोटो कसे. आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरात : 'मेमधला व्हिक्टोरिया डेचा वीकेंड, चार दिवस, नक्की.' म्हणजे तारीख ठरली. चौघांच्या सुट्ट्या जुळल्या, म्हणून ठरली. अरे, तुझं खरं चुकलं ते तिथं, आणि तीन आठवडे तू डोकं फोडतोयस ते नदीच्या नावावर!

मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि पत्रभर तीच सांगणार आहे. नदी नको निवडूस, पाणी निवड.

तू सांगलीचा. पावसाळ्यात सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर घरात पहिला प्रश्न कुठला यायचा? 'आयर्विनला किती?' म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फूट. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे शाळेत कुणी शिकवत नाही, तरी पाचवीतल्या पोराला पाठ असतं. कोयनेतून किती क्युसेक सोडले, ते पाणी आपल्याकडं कधी पोचेल, हे हिशेब आपल्याकडच्या बायका भाकऱ्या थापता थापता करतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा तुम्ही गच्चीवर तीन रात्री काढल्यात. आईनं मला फोनवर सांगितलं होतं की तू जिन्याच्या पायरीवर खडूनं रेघ मारून दर तासाला बघत होतास. मग तो मुलगा इथं येऊन कुठं गेला? तुझ्या सहा रकान्यांत पाण्याचा रकाना नाही! एप्रिलमधली कृष्णा आणि ऑगस्टमधली कृष्णा या दोन नद्या आहेत, हे तुला कुणी सांगायला लागत नाही. मग ऑन्टारिओतली नदी बारा महिने सारखीच राहील असं तू कशाच्या जोरावर धरलंस?

इथं पूर पावसाळ्यात येत नाही, वितळणाऱ्या बर्फाचा येतो. उत्तरेकडं तलावांवरचा बर्फ एप्रिलच्या शेवटी, कधी मे उजाडल्यावर फुटतो, आणि जंगलात साठलेला सगळा हिवाळा एकदम नद्यांत उतरतो. तू जो वीकेंड धरलास तो बरोबर याच्या मागोमाग येतो. हवा छान असते, ऊन पडतं, अंगात टी-शर्ट पुरतो, आणि पाणी बर्फाइतकं गार. माणूस हवेकडं बघून फसतो.

पेटावावाचंच घे. तक्त्यात तू तिला 'मध्यम' लिहिलंयस. ऑगस्टमध्ये अल्गोंक्विन पार्कमधल्या त्या पट्ट्यात पोरंपोरी हसतखेळत उतरतात. त्याच नदीच्या रोलवे रॅपिडमध्ये मे 1968 मध्ये ब्लेअर फ्रेझर बुडाले. कॅनडातले नावाजलेले पत्रकार, वर्षानुवर्षं जाणत्या मंडळींबरोबर नद्या केलेले, नवशिके मुळीच नव्हते. महिना मे होता. पुस्तकातली ग्रेड ही ठरावीक पाण्याची ग्रेड असते. पाणी चढलं की दोनचं तीन होतं, तीनचं चार होतं, आणि छापलेला आकडा तसाच राहतो.

आता माझं सांगते. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

2004 चा मे. आम्ही चौघं स्पॅनिश नदीवर गेलो : मी, आमचे हे, माझे धाकटे दीर आणि त्यांचा एक मित्र. सडबरीहून व्हाइट रिव्हरला एक छोटी रेल्वे जाते. कनू सामानाच्या डब्यात घालतात आणि जंगलात सांगाल तिथं उतरवतात. आठवड्यातून तीनच फेऱ्या. गाडी आम्हाला उतरवून निघून गेली, तिचा आवाज विरला, आणि मग पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. काठावर अल्डरची झुडपं असतात, ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. प्रत्येक फांदी प्रवाहात थरथरत होती, सगळ्या एका लयीत, आणि प्रत्येकीच्या मागं पाण्याची बारीक पांढरी रेघ ओढलेली. भाऊजी वल्हं जमिनीत टेकवून बघत राहिले. म्हणाले, "वहिनी, पाणी झाडीत शिरलंय. काठच दिसत नाही. उद्याच्या गाडीनं परत जाऊया."

आपल्याकडं 'पाणी मळीत (नदीकाठच्या रानात) शिरलं' म्हटलं की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. जनावरं सोडतात, मोटारी काढतात. मला ते वाक्य कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण रजा मंजूर झाली होती, तिकिटं काढली होती, मुलांना मैत्रिणीकडं ठेवलं होतं, आणि पुस्तकात ग्रेड एक-दोन लिहिलं होतं. मी म्हणाले, "भाऊजी, आलोय तर जाऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर त्यांची कनू पडलेल्या झाडावर आडवी गेली आणि उलटली. मित्र काठाला लागला. भाऊजी फांद्यांत अडकले. आम्ही खालच्या बाजूनं पोचलो, दोर टाकला, तो त्यांच्या हातावरच पडला. माणूस शुद्धीवर, डोळे उघडे, माझ्याकडं बघतायत, मी ओरडतेय 'धरा, भाऊजी, धरा', आणि त्यांची बोटं मिटत नाहीत. दोर तळहातावर आहे आणि बोटं मिटत नाहीत. शेवटी ह्यांनी पाण्यात उतरून लाइफ जॅकेटच्या खांद्याला धरून ओढलं.

वाचले. पण भाऊजी त्यानंतर कनूत बसले नाहीत. दिवाळीला येतात, चकली खातात, माझ्या नातवंडांशी खेळतात. 'तुम्ही बरोबर होता' हे वाक्य मी त्यांना अजून म्हटलेलं नाही. दरवर्षी म्हणायचं ठरवते.

नंतर मी वाचलं ते तुलाही माहीत असू दे. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गार पाण्यातल्या माणसाचा हिशेब सोप्या आकड्यांत मांडलाय : 1, 10, 1. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला. मग सुमारे 10 मिनिटं हातपाय कामाचे. मग साधारण 1 तासानं शुद्ध जाते. लोक शेवटच्या आकड्याला घाबरतात. घाबरायचं ते मधल्याला. तू कृष्णेत पोहायला शिकलास, पाठीला डबा बांधून, हे मला ठाऊक आहे. तुझं पोहणं त्या दहा मिनिटांपुरतंच आहे, रे.

म्हणून म्हणते, पाणी निवड. आता कसं निवडायचं ते सांगते.

कॅनडा सरकारची जलमापन केंद्रं बहुतेक मोठ्या नद्यांवर आहेत आणि त्यांचे आकडे कुणालाही बघता येतात. इथं घनमीटर प्रति सेकंद वापरतात. एका घनमीटरचे साधारण 35 क्युसेक. म्हणजे 100 म्हटलं की 3,500 क्युसेक. हे ऐकून तू हसशील, कोयनेतून एवढे सोडले तर सांगलीत कुणी वळूनही बघत नाही. तेच पाणी तीस मीटर रुंदीच्या, दोन्हीकडं कातळ असलेल्या घळीतून जातं तेव्हा वेगळंच असतं. म्हणून एका नदीचा आकडा दुसरीला लावू नकोस. त्याच नदीचा मागच्या आठ-दहा वर्षांचा मेचा आकडा बघ, ऑगस्टचा बघ, आणि आजचा त्यांच्यात कुठं बसतो ते बघ. चढतोय का उतरतोय हे आकड्यापेक्षाही महत्त्वाचं. उतरतं पाणी काठाचा चिखल दाखवत जातं. चढतं पाणी रात्रीतून तंबूत येतं.

आणि ती नदी कुठून निघते ते बघ. मोठ्या तलावातून निघणारी नदी सावकाश चढते, सावकाश उतरते. मागं तलावांचा आधार नसलेली एका रात्रीच्या पावसानं अंगावर येते. पाणी निवड म्हणजे दरवेळी कमी पाणी निवड असंही नाही. कोरड्या ऑगस्टमध्ये स्पॅनिशच्या वरच्या भागात दगडांवरून कनू ओढत नेलेली माणसं मला माहीत आहेत. पाणी पुरेसं हवं, ऊबदार हवं, आणि पुढं काय आहे ते बघायला थांबू देणारं हवं.

तुझा तो कनूवाला मित्र म्हणे म्हणतो, मावशी घाबरट आहेत. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस. होय, मी तीनदा सहल मोडली आहे. एकदा तर फ्रेंच नदीच्या धक्क्यावरून, टोरांटोपासून चार तास गाडी चालवून गेल्यावर, सामान न उतरवता परत फिरले. गाडीत पाच जणं होती आणि घरापर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही. पुढच्या तीन दिवसांत त्या नदीवर काहीच झालं नाही, कुणी बुडालं नाही, ऊन पडलं होतं. तरी माझा निर्णय बरोबर होता. काही झालं नाही म्हणून तो चूक ठरत नाही. त्या दिवशी पाणी झाडीत होतं आणि माझ्या गाडीत दोन जणं पहिल्यांदाच कनूत बसणार होती. हे मी त्या पाचांना तेव्हाही सांगितलं, आजही सांगते, आणि तुझ्या मित्राला हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल.

बरं. एवढं बोलल्यावर नाव सांगितलं नाही तर तू पुन्हा साडेबाराला मेसेज करशील.

फ्रेंच नदी घे, पण सप्टेंबरची. लेबर डे (महिन्याचा पहिला सोमवार) होऊन गेल्यावर. मेच्या मध्यापासून जूनभर फोडून काढणाऱ्या काळ्या माश्या तेव्हा नसतात, गर्दी नसते, पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं. निपिसिंग तलावातून निघून जॉर्जियन बेला मिळेपर्यंत जेमतेम 110 किलोमीटरची नदी. 1986 मध्ये कॅनडाची पहिली वारसा नदी म्हणून तिला मान मिळाला. तिचा स्वभाव नवख्यांना मानवणारा आहे : लहान उतार, मग लांब संथ डोह. चुकलास तर डोहात वाहत येतोस, पुढच्या रॅपिडमध्ये नाही. वूल्जली बेपासून हार्टली बेपर्यंत चार दिवसांत आरामात होईल. फाइव्ह माइल रॅपिड्समध्ये प्रत्येक उताराआधी काठाला लागून चालत जाऊन बघायचं. रेकॉलेट धबधब्याला उतरायची जागा अगदी धबधब्याच्या डोक्यावर आहे, तिथं काठ सोडून मध्ये जायचं नाही. तलावाच्या तोंडावर शोडिएरची धरणं आहेत, त्यांचा विसर्ग वाढलाय का हे निघायच्या आदल्या दिवशी बघायचं. आणि हे सगळं करूनही त्या आठवड्यात पाणी जास्त असेल तर फ्रेंच नदी रद्द. मी सुचवली म्हणून जायचं नाही.

मेमध्ये सुट्टी काढलीच आहेस तर घरी बस असं म्हणत नाही. तू किचनरला राहतोस, ग्रँड नदी तुझ्या दाराशी आहे. वेस्ट मॉन्ट्रोजला 1881 चा छत असलेला लाकडी पूल आहे, जवळच मोजणी केंद्र आहे. तो तुझा आयर्विन. मेच्या त्या शनिवारी चौघांनी तिथं जा, डबा न्या, कनू नेऊ नका. काठावरचा एखादा दगड धरून ठेव, त्या दिवसाचा आकडा वहीत लिही. जूनमध्ये पुन्हा जा, जुलैत पुन्हा. त्या वरच्या अंगाला शँड धरण आहे, 1942 चं. उन्हाळ्यात नदीत जे वाहतं त्यात धरणातून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो, म्हणजे तुला ओळखीचाच कारभार. ऑगस्टपर्यंत आकडा वाचून डोळे मिटलेस तरी तो दगड किती बुडालाय ते दिसायला लागेल. मग फ्रेंचचा आकडा तुला काहीतरी सांगेल. आत्ता तो नुसता आकडा आहे.

तक्ता पुसू नकोस, मेहनत केलीयस. त्यात सातवा रकाना घाल आणि तो पहिल्या जागी आण. ऑगस्टअखेर एका रविवारी चौघं जेवायला या. गॅरेजमध्ये माझी कनू टांगलेली आहे, ती तुम्हीच खाली उतरवायची. भाऊजींनाही बोलावणार आहे.

तुझी,
मावशी