फुटपाथवरच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून पाय मोडला, तर महापालिकेकडून भरपाई मागता येते का?

हो, मागता येते, पण पालिकेचा हलगर्जीपणा तुम्हाला दाखवून द्यावा लागतो. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे (मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा लागू होतो). सुस्थितीतले रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथबद्दलही तेच सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. मात्र हा आदेश मुख्यतः खड्डे आणि मॅनहोलबद्दल आहे. सुट्या ब्लॉकला तो आपोआप लागू होईल असं गृहीत धरू नका.

खरी अडचण मुदतीची असते, आणि तिथेच चांगले दावे वाया जातात. दिवाणी दावा लावायचा तर कलम ४८७ प्रमाणे आधी पालिकेला लेखी नोटीस द्यायची, एक महिना थांबायचं आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. म्हणून प्लास्टर उतरायची वाट पाहू नका. आजच घरच्या कुणालातरी पाठवून हे करून घ्या:

- दुरुस्ती होण्याआधी जागेचे फोटो, तारीख दिसेल असे
- पोलीस ठाण्यात नोंद
- दवाखान्याचे कागद आणि बिलं
- त्याच जागेबद्दल आधी कुणी तक्रार केली होती का, यासाठी माहिती अधिकारात अर्ज. पालिकेला आधीच माहिती होती हे दिसलं, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते.